चकव्याची गोष्ट उतरवताना

१० जुलै १९९५, कराड

पतसंस्थेनं जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी सहा महिने कोरीच पडली होती. आज उघडली, कारण आज जे वाचलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही आणि पोटातही राहत नाही.

वाचनालयाच्या दाराबाहेर एक लाकडी पेटी आहे. वाचनालय बंद असताना लोक तीत पुस्तकं परत टाकतात. सकाळी उघडली तर तीन पुस्तकं, एक विडीचं थोटूक (हा इसम सापडला तर त्याचं सभासदत्वच रद्द करणार आहे) आणि एक खाकी पाकीट. पाकिटावर टाइप केलेलं, 'हस्तलिखितासाठी'.

आमचं वाचनालय दर दिवाळीला हस्तलिखित अंक काढतं. छापायचा नाही, एकच प्रत. सभासद गोष्टी-कविता देतात, मी त्या एका जाड वहीत माझ्या अक्षरात उतरवतो, कडेनं वेलबुट्टी काढतो, आणि मग ती वही सह्या करून दोन-दोन दिवस घरोघर फिरते. नऊ वर्षं हे काम माझ्याकडं आहे. ग्रंथपालाला पगार म्हणजे नावालाच, पण 'महेंद्रसरांचं अक्षर' म्हटलं की लोक मान हलवतात. तेवढ्यावर दिवस काढतो.

पाकिटात भुताची गोष्ट होती. लेखकाचं नाव नाही. उसाच्या फडात एक चकवा राहतो, येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट चुकवतो. रात्रीचा नव्हे, भर दुपारचा. एक माणूस रोज छत्री घेऊन तिथनं जातो. चकवा त्याला तीन दिवस गरागरा फिरवतो. चौथ्या दिवशी तो माणूस बांधावर बसतो आणि म्हणतो, "फिरवलंस तेवढं बास झालं. आता पाणी दे." चकवा समोर येतो. तोही गडीच, रुंद छातीचा, पायाखाली सावली नसलेला. छत्रीवाला थोडा सरकतो आणि छत्रीखाली त्याला जागा करून देतो. चकव्याला जन्मात पहिल्यांदा सावली मिळते.

पुढं काही नाही. 'भाग पहिला' एवढंच.

पाच वेळा वाचली. आमच्या आण्णांना कळलं तर घराबाहेर काढतील. आमच्या घरात भूतखेत, देवदेवस्की सगळं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच दाराबाहेर गेलंय. "ग्रंथपाल होऊन भुतं वाचतोस?" हे मी लहानपणापासून ऐकतोय. म्हणजे लहानपणी 'शिकून' होतं, आता 'ग्रंथपाल होऊन' झालंय. भुतं नसतात हे मलाही ठाऊक आहे. पण वाचायला काय हरकत आहे?

११ जुलै

सहावी वेळ. ती छत्री सरकवण्याची जागा.

२ ऑगस्ट

आप्पासो आज पुन्हा तासभर टेबलाला टेकून उभा. हा माणूस पलटणीतनं हवालदार होऊन निवृत्त झालाय, आता इथं एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन बसतो. खोली करून एकटाच राहतो, रविवारी कडेगावच्या अलीकडं त्याचं गाव आहे तिथं जातो. ड्यूटी सुटली की सरळ वाचनालयात. वाचतो फक्त भुताची पुस्तकं आणि पानं दुमडतो. चारदा सांगितलं. "व्हय सर, चुकलं," म्हणतो आणि पुन्हा दुमडतो.

"यंदा अंकात भुताचं काय आलंय का न्हाई, सर?"

"आलंय एक."

"बरं हाय का?"

मी म्हटलं, "बरं आहे." रजिस्टरमधनं मान वर केली नाही. चांगलं आहे म्हणायला काय जात होतं माझं? पण या माणसाला एक वाक्य दिलं की तो दहा वाक्यं उभा राहतो.

तर 'बरं' एवढ्यावरच गडी कानापर्यंत लाल झाला आणि पुस्तक न घेताच निघून गेला. विचित्र माणूस.

१९ ऑगस्ट

दुसरा भाग आला! पेटी उघडायला धावत गेलो, ऐन चौतिशीत. शोभत नाही.

यात छत्रीवाला रोज येतो. पण आता चकवा त्याला चुकवतच नाही. छत्रीवाला स्वतःच्या मनानं चुकीच्या पायवाटेला वळतो. चकवा विचारतो, "आज तर मी काहीच केलं नाही, मग आलास कसा?" तो म्हणतो, "चुकलो." वाट पाठ असून चुकणारा माणूस चकव्यानं कधी बघितला नव्हता. मग दोघं बसतात. छत्रीवाल्याच्या मधल्या बोटाला शाई लागलेली असते, चकवा ती आपल्या अंगठ्यानं पुसायला बघतो, ती निघत नाही.

बास, एवढंच. माझं डोकं गरम झालं. बाहेर जाऊन दोन कप चहा प्यायलो.

अशी गोष्ट मी आजवर वाचली नाही. भुतांच्या गोष्टीत हडळ असते, ती पुरुषाला झपाटते, शेवटी कुणीतरी अंगारा लावतं. इथं कुणी कुणाला झपाटत नाही. दोन गडी बसतात आणि एकमेकांकडं बघतात. खरं लिहायचं तर, मला ते बघणं फार आवडलं. सांगलीला कॉलेजात असताना वसतिगृहात एक जण होता. त्याचं नाव इथंही लिहिणार नाही. त्यानं असंच बघितलं होतं एकदा आणि मी दुसऱ्या दिवशी खोली बदलून घेतली होती.

२० ऑगस्ट

लेखक कोण असेल? मला वाटतं दीपमाला मॅडम. त्यांचा स्टँडवर टायपिंगचा क्लास आहे, आणि कागद तसलाच, क्लासमधला पातळ. शिवाय इतकं मऊ बाईच लिहू शकते. आपल्याकडचा गडी असलं लिहील? शक्यच नाही.

आज मी एक नवी वही विकत आणली, दोनशे पानी. अंकाची नव्हे, माझी. दोन्ही भाग तीत उतरवले, उत्तम अक्षरात. वेलबुट्टी काढायला घेतली होती, पण ऊसच काढला, सगळ्या पानांच्या कडेनं. कधी कुणासाठी इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. वही ट्रंकेत, कपड्यांच्या खाली.

६ सप्टेंबर

भाग तिसरा. कारखान्याची टोळी येणार आहे. ऊस तुटला की फड मोकळा होणार आणि चकव्याला राहायला जागा उरणार नाही. तो छत्रीवाल्याचा हात धरतो आणि विचारतो, "टोळी यायच्या आत सांग. मी फिरवतो म्हणून येतोस, का माझ्यासाठी येतोस?"

इथं संपतो. हलकट लेखक आहे. आता शेवटच्या भागाची वाट बघणं आलं.

मी असतो तर काय उत्तर दिलं असतं याचा विचार करत घरी आलो आणि हाही भाग वहीत उतरवला. आण्णांनी पुन्हा साताऱ्याच्या स्थळाचा विषय काढला. मुलगी शिक्षिका आहे, फोटो फळीवर ठेवलाय. मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू. आण्णा म्हणाले, "कुठल्या दिवाळीनंतर, ते तरी सांग."

१७ सप्टेंबर, रविवार

लिहितो. सगळं लिहितो, नाहीतर ही डायरी तरी कशाला ठेवायची.

आज अंकाची बैठक होती. आमचे अध्यक्ष बाळासो गुरुजी, हायस्कूलमधनं निवृत्त झालेले, टेबलाशी बसून आलेलं साहित्य चाळत होते. दहा-बारा सभासद होते. आप्पासो वर्तमानपत्रं ठेवायच्या लाकडी घोडीजवळ उभा होता. रविवार असून गावाला गेला नव्हता, कशाला थांबला होता कोण जाणे.

गुरुजींच्या हाती चकव्याचे कागद लागले. मीच गठ्ठ्यात ठेवले होते. वाटलं होतं, भुताची गोष्ट म्हणून सहज निघून जाईल. ते वाचता वाचता थांबले, चष्मा कपाळावर केला.

"ह्ये काय हाय? गडी गड्याचा हात धरतोय?" आणि मग त्यांनी तो परिच्छेद मोठ्यानं वाचला, बाईचा आवाज काढून. "सांग, माझ्यासाठी येतोस का?" सगळे हसले. कुणीतरी शिट्टी मारली. "आवं, भूत बी आता मुरळी व्हायला लागलं!"

गुरुजी माझ्याकडं वळले. "महेंद्र, तुझ्याकडनंच आलंय ह्ये. तुला कसं वाटलं? घ्यायचं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, माझ्या तोंडावर दिसतंय. वही, ट्रंक, ऊस, सगळं दिसतंय. वसतिगृहसुद्धा दिसतंय.

मी म्हणालो, "घाण आहे. असलं मी माझ्या हातानं लिहिणार नाही."

एवढंच पुरलं असतं. पण मला वाटलं, अजून पटलं नसेल. म्हणून पुढं म्हणालो, "ज्यानं लिहिलंय त्याला डॉक्टरला दाखवा."

पुन्हा हसले. गुरुजींनी कागद चार तुकडे करून कचऱ्याच्या बुट्टीत टाकले आणि पुढची कविता घेतली. ती आईवर होती.

आप्पासोनं हातातलं वर्तमानपत्र नीट घडी करून घोडीवर ठेवलं आणि गेला. बाकीचे तासभर बसले. चहा झाला. मी दोन कप प्यायलो, बिस्किटं पण खाल्ली. माझ्याच्यानं खाववलं कसं, कळत नाही.

१८ सप्टेंबर

पेटी रिकामी.

२३ सप्टेंबर

रिकामी. शेवटचा भाग येणार नाही. दीपमाला मॅडम बैठकीला नव्हत्या, पण गावात बातमी जायला काय लागतं. त्यांच्या कानावर गेलं असणार. रस्त्यात दिसल्या, हसल्या, मीच मान खाली घातली.

३० सप्टेंबर

आप्पासो आला. पुस्तक परत केलं. मी सवयीनं पानं तपासली, एकही दुमडलेलं नव्हतं.

"कार्ड बंद करा सर. नोकरी सोडली. गुजरातला एका कंपनीत बोलावलंय."

"अचानक?"

"हां, अचानकच म्हणा."

मी कार्डावर शिक्का मारला. तो नेहमीसारखा टेकून उभा राहिला नाही. दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"अंक झाला का, सर?"

"होत आलाय."

"बरं. अक्षर लय देखणं हाय तुमचं. हात जपा."

असा निरोप कुणी घेतं का? त्याच्या जागी तासभर तरी रिकामं रिकामं वाटलं. पानं दुमडायचा, पण रोज यायचा.

२१ ऑक्टोबर

अंक पुरा झाला. अठ्ठेचाळीस पानं, आईवरच्या सात कविता. गुरुजी म्हणाले, यंदाचं अक्षर नेहमीसारखं नाही. मी म्हटलं, बोट दुखतंय.

४ नोव्हेंबर

आज धीर केला. टायपिंग क्लासच्या जिन्यानं वर गेलो. मुलं गेली होती, दीपमाला मॅडम मशीनवर कव्हर घालत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. म्हटलं, मॅडम, तुमची गोष्ट मला फार आवडली होती. बैठकीत मी बोललो ते खोटं बोललो. भीतीनं बोललो. माफ करा, आणि जमलं तर शेवटचा भाग द्या, मी कुणाला दाखवणार नाही.

त्यांनी हातातलं कव्हर खाली ठेवलं.

"माझी गोष्ट? अहो सर, मी कशाला लिहू? ते आप्पासो यायचे दुपारी. बँकेतले. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत बसायचे, घाम फुटायचा बिचाऱ्यांना. मी म्हटलं, द्या मी मारून देते, तर कागदावर हात आडवा धरायचे."

मी बाकावर बसलो.

"एकदा कागद मशीनलाच राहिला होता, तेवढा वाचला मी. तो छत्रीचा." त्यांनी माझ्या बोटांकडं बघितलं. "सर, ऊन असो पाऊस असो, छत्री घेऊन फिरणारा आणि बोटाला शाई लागलेला माणूस कराडात दुसरा कोण आहे? तुम्हाला खरंच कळलं नाही?"

नाही कळलं. नऊ वर्षं लोकांना पुस्तकं वाचायला देतोय, आणि मला माझ्यावर लिहिलेलं वाचता आलं नाही.

मी विचारलं, तो काही म्हणाला होता का. त्या म्हणाल्या, "मी विचारलेलं, एवढा आटापिटा कशाला करताय? छापून तर येणार नाही. तर म्हणाले, 'छापायची न्हाईच, मॅडम. एकदा सरांच्या हातानं उतरून आली की बास. त्यांनी ल्हिली म्हंजी त्यांनी वाचली, एकेक अक्षर.'"

असलं मी माझ्या हातानं लिहिणार नाही. हे मी बोललो होतो. त्याच्यासमोर, घोडीपासनं दहा पावलांवर.

५ नोव्हेंबर

'डॉक्टरला दाखवा.'

तो कान लाल करून निघून गेला होता, ऑगस्टात, नुसत्या 'बरं आहे'वर. मी 'फार चांगलं आहे' म्हणालो असतो तर?

२६ नोव्हेंबर, रविवार

ट्रंकेतली वही घेतली आणि सकाळच्या एस.टी.नं आप्पासोच्या गावाला गेलो. त्याच्या आईला द्यायची, तिच्याकडनं पत्ता घ्यायचा आणि गुजरातेत कुठं का असेना, जायचं, असं ठरवून निघालो होतो. आण्णांना सांगितलं, जिल्हा ग्रंथालय संघाची सभा आहे. वाटेत दोन्ही बाजूंना ऊसतोड चालली होती. टोळ्या उतरल्या होत्या, मोळ्या रस्त्यापर्यंत आल्या होत्या, एस.टी. सारखी ट्रॅक्टरमागं अडकत होती.

घर सापडलं. चंद्राबाई, त्याची आई, सोप्यात शेजारच्या मनुबाईबरोबर शेंगा फोडत बसली होती. मी वाचनालयातनं आलोय म्हटल्यावर तिनं मला पायापासनं डोक्यापर्यंत बघितलं, मग छत्रीकडं बघितलं. बसायला पोतं टाकलं.

"आप्पाचं काय ऱ्हायलं व्हय तुमच्याकडं?"

"त्यांनी एक गोष्ट लिहिली होती. मी ती माझ्या अक्षरात उतरवली. ती त्यांना द्यायची होती."

तिनं हात पदराला पुसले, वही घेतली, उलटीसुलटी केली. कडेचा ऊस बघून हसली. मग परत माझ्या हातात दिली.

"मला कुठलं वाचाय येतंय. वाचून दावा की. माझ्या लेकाचं हाय न्हवं?"

मी वाचायला सुरुवात केली. फड, दुपार, वाट चुकणं. मनुबाई शेंगा फोडायची थांबली होती. बाहेर कट्ट्यावर दोन माणसं येऊन टेकली, त्यांचंही लक्ष इकडंच. मग चकवा समोर येतो ती जागा आली. आणि मी, वहीत माझ्याच अक्षरात स्वच्छ लिहिलेलं असताना, वाचलं, "तेवढ्यात उसातनं एक तरणी बाई बाहेर आली."

पुढची दोन-तीन वाक्यं तशीच जुळवून वाचली. जमत होतं. त्याचीच मला लाज वाटते, की सहज जमत होतं.

"थांबा," चंद्राबाई म्हणाली. "बाई कुठनं आली?"

मी पान उलटल्यासारखं केलं.

"त्यात बाई न्हाई. मला आप्पानं सांगितलीया ती, न्याहारीला बसला की सांगायचा, दर रविवारी थोडी थोडी. छत्रीवाला बी गडी, चकवा बी गडी. तुमच्या ल्हिण्यात चुकी झाली का काय?"

"नाही, मावशी. वहीत बरोबर आहे. मी चुकीचं वाचलं."

"मग नीट वाचा. पयल्यापासनं."

पहिल्यापासनं वाचली. कट्ट्यावरची माणसं होती तिथंच होती. सावली नसलेला गडी वाचला, छत्री सरकवलेली वाचली, अंगठ्यानं पुसलेली शाई वाचली. हात धरलेला वाचला तेव्हा पाणी मागून घेतलं आणि परत वाचला. कुणी हसलं नाही. कट्ट्यावरचा एक जण मधेच उठून वैरण टाकायला गेला, एवढंच. जे मला कराडात दहा-बारा माणसांपुढं जमलं नाही ते इथं जमलं, आणि ज्यानं ऐकायचं होतं तो तिथं नव्हता.

संपल्यावर विचारलं, "पुढं काय होतं? शेवट मला मिळाला नाही."

"मी बी इचारलं की त्याला. जायच्या आदल्या दिशी. म्हणला, ऊस तुटला, आये. म्हटलं, मग त्यो छत्रीवाला काय म्हणला? तर जेवत होता तसाच उठला."

थोड्या वेळानं मी पत्ता मागितला. मूठभर शेंगा फोडून झाल्या, मग म्हणाली, "पत्ता हाय. पर वाचनालयातनं कोण आलं तर दिऊ नगंस म्हणलाय. शब्द घेतलाय माझ्याकडनं. कुणाला बी दिला आसता, तुमास्नीच न्हाई दिता येत."

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हणालो.

"बरोबर का चूक मला काय कळतंय? त्यो रडत हुता एवढं ठावं हाय."

मी वही तिच्यापुढं ठेवली. तिनं ती घेतली आणि आत नेऊन त्याच्या पलटणीतल्या ट्रंकेत ठेवली. लेकाला पाठवीन म्हणाली नाही, पाठवणार नाही असंही म्हणाली नाही, आणि मला विचारवलं नाही. मी चपला घालायला लागलो तर म्हणाली, "आसं उपाशी जाऊ नगासा. भाकरी खाऊन जावा." ताट त्याच्या जागेवर मांडलं, भिंतीला टेकून. भाकरी आणि वांग्याचं कोरड्यास होतं. दोन भाकरी खाल्ल्या आणि चारच्या गाडीनं परत आलो.